सहा पावलं मागे

मास्तरांनी काळ्या रंगाची ट्यूब
एका सोमवारी खिडकीतून भिरकावली.
म्हणाले, सावली काळी नसतेच,
नीट बघ, जांभळी असते, कधी निळी.
मी तेव्हा तव्याची काजळी
राखेनं घासत होते.
म्हटलं, असेल.

रंगाच्या दुकानात फुकट मिळालेलं
परदेशी चित्रांचं कॅलेंडर होतं त्यांच्याकडे.
जूनच्या पानावर एक बाई
टोपी घालून परसात शिवत बसलेली,
अंगावर पानांतून गळालेलं ऊन, चट्टे चट्टे.
वर्ष संपलं, पुढचंही संपलं,
आमच्या भिंतीवर जूनच राहिला.
असं आपल्या घरात होईल, म्हणाले.
मी विचारलं, हिची भांडी कोण घासतं?

आपल्या घरात, म्हणजे गंगावेशेत, दोन खोल्यांत.
माघातल्या दुपारी साडेतीन ते सव्वाचार
खिडकीतून ऊन उतरायचं काकवीसारखं,
दाट, सावकाश,
फरशीभर पसरून पाटाच्या पायाशी थांबायचं.
तेवढ्यासाठी मास्तर शाळेतून
सायकल हाणत यायचे.
मी त्यांच्याच सदऱ्याला बटण लावत बसायचं.
हलायचं नाही.
अकरा दुपारी, एकच बटण.

चित्र झालं. मला काही उमगलं नाही.
जवळून नुसते फटकारे,
रंगपंचमीनंतरची मोरी जणू.
केसांत मात्र खरंच जांभळं भरलेलं.
सहा पावलं मागे जा, म्हणाले.
गेले.
तिसऱ्या पावलाला पाठीला मांडणी लागली,
चौथ्याला डबे वाजले,
पाचवं पाऊल शेजाऱ्यांच्या भिंतीत.
मास्तर हसले, मीही हसले,
आणि एकतीस वर्षं ते चित्र
तीन पावलांवरून पुसत राहिले.

ते गेले. यंदा चौकटीला वाळवी लागली.
रिक्षात आडवं धरून नेलं मिरजकर तिकटीला,
हारुण शिकलगाराकडे.
त्यानं जुन्या पट्ट्या सोडवल्या,
चित्र दुकानाच्या पायरीवर टेकवलं
आणि मापाची टेप शोधायला आत गेला.
मी चहा सांगायला रस्ता ओलांडला.
वळले.

मधून एक केएमटी गेली.
मग उसाचा ट्रॅक्टर, रिकामा, खडखडत.
मग ती बाई.

खिडकीपाशी बसलेली, मान एका खांद्यावर,
सदरा मांडीवरून घसरलेला,
सुई दोऱ्याला लोंबकळत.
शिवत नव्हती.
झोपली होती.
तोंड किंचित उघडं.
आणि मागे, ज्याला मी इतकी वर्षं
ब्रश पुसल्याचा डाग समजत होते,
तो स्टोव्ह, विझवलेला.
शेजारी खाली उतरवून ठेवलेलं पातेलं,
पातेल्यावर ताटली,
ताटलीवर उन्हाचा एवढासा पिवळा थेंब.

आठवी दुपार असेल, नाहीतर नववी.
कट्ट्यावरचं दूध तापत ठेवलं होतं मी,
दचकून जागी झाले तर ते उतू गेलं नव्हतं.
नशीब, म्हटलं होतं मनात.
मास्तर पाठ करून ब्रश धूत होते.
झोपलीस, असं काही म्हणाले नाहीत.
मीही झोपले, असं काही म्हटलं नाही.
बटण रात्री लावलं.

हारुण टेप घेऊन आला.
काच साधी टाकू का भारीतली, मावशी?
काच नको, म्हटलं.
त्यानं खिळे ओठांत धरले, हातोडी उचलली.
हळू ठोक बाबा.
का, ते त्यानं विचारलं नाही.
चहा निवून गेला.

घर काही वाढलेलं नाही, दोनच खोल्या.
चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलंय.
गल्लीपलीकडे सरनाईकवहिनींची गॅलरी आहे.
हल्ली साडेतीनच्या सुमाराला
मी त्यांच्याकडे विरजण मागायला जाते.
अहो, परवाच तर नेलंत, म्हणतात त्या.
नासलं, म्हणते.
आणि वाटी येईपर्यंत
गॅलरीच्या कठड्याला धरून
उभी राहते.